गिटार भुईला टेकत नाही

एकाहत्तर साली श्रीगोंद्याच्या स्टँडवर नगरची एस.टी. काही येता येईना. रांगेत नगरला निघालेल्या नीलांबरीताईंच्या पुढे एक म्हातारी खोळीतली लांबलचक गिटार छातीशी धरून उभी होती आणि तिचा तिशीतला भाचा गोरक्ष नुसता धुमसत होता.

"आत्या, ठिव की ती खाली!"

"वाद्य भुईला टेकवत न्हाईत."

"सप्त्यातली वीणा हाय का ती? मास्तरला परतच द्यायचीय."

"देशील तवा दे. चार म्हैने शिकलास, पर एक गानं वळखू आलं न्हाई. नुसतं डुम डुम!"

"किती येळा सांगू? बेस गिटार हाय ती! गानं दुसरे वाजवत्यात, मी खालचा सूर धरायचा. काल ऑर्केस्ट्रात कुनी माज्याकडं बघितलंसुदिक न्हाई."

"मदी थांबला हुतास का?"

"एकदाच. बोटाचा फोड फुटला."

"मग?"

"मग काय! गानारी अडखळली, ढोलकीवाला चुकला, समदे वळून माज्याकडंच बघाया लागले. लाज गेली."

"तुजा बाप सप्त्यात दोन-दोन तास वीणा धरून उभा ऱ्हायचा. एकच सूर. त्याच्याकडं कोन बघत हुतं?"

तेवढ्यात एस.टी. आली.

"ओ पाव्हणं, ते धूड टपावर टाका," कंडक्टर ओरडला.

"टपावर न्हाई जायाची. मी धरून उभा ऱ्हातो."

"पार नगरपातुर?"

"व्हय, नगरपातुर!"

"परतच द्यायचीय न्हवं रं?"

"आत्या, तू गप चढ बरं!"