धुतलेलं सरपण

मंडळी, आणि पुढे बसलेल्या पोरांनो, सांगा पाहू: सोवळं मोठं, की भूक मोठी? सोवळं म्हणणारे सगळे घरून जेवून आलेत, दिसतंय मला! बरं, ऐका.

भागीरथीकाकूंकडे कुळधर्म होता. स्वयंपाक चुलीवर, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. सून मंजुळा पहाटेपासून चुलीपुढे. सहावा महिना लागलेला. पोटातलं बाळ लाथा मारतंय, त्याला कुठलं सोवळं कळतंय!

मोळीवाल्या कोंडाबाईने अंगणात मोळी टाकली. बाभूळ, खणखणीत वाळलेली. काकूंनी काय करावं? तिचा हात लागला म्हणून सगळी लाकडं विहिरीवर नेली आणि धुतली! चोळून चोळून. अहो, सरपण धुतलं! उद्या विस्तवही धुवून घ्याल, काकू!

चूल कसली पेटतेय? मंजुळा फुंकणी फुंकून बेजार, डोळे लालबुंद, घर धुराने भरलेलं. काकू मात्र बाहेर ओसरीवर, मोकळ्या हवेत! तिथूनच सांगत होत्या की हल्लीच्या मुलींच्या छातीत दम नाही, आमच्या वेळी एका फुंकरीत जाळ व्हायचा. होणारच, तेव्हा लाकूड धुणारी सासू नव्हती ना!

दुपार कलली, तांदूळ तसेच. मंजुळाला घेरी आली, तिने भिंत धरली. पाण्याच्या तांब्याकडे हात गेला, तर ओसरीवरून आवाज आला, "देव अजून उपाशी आहे, मंजुळे."

मंजुळाने हात मागे घेतला. घरभर पाहिलं. कोरडं लाकूड म्हणावं असं एकच होतं, काकूंचा जेवायचा पाट. त्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. मंजुळाने तो उचलला, कोयत्याने फोडला आणि चुलीत सारला.

काय जाळ झाला म्हणता! भात रटरटला, वरण उकळलं. तिने देवाला नैवेद्य दाखवला आणि चुलीपुढेच आपलं ताट वाढून घेतलं.

काकू आत आल्या. "माझा पाट कुठाय?"

"चुलीत," मंजुळा घास गिळून म्हणाली. "जमिनीवर बसा, सासूबाई. सारवलेली आहे."

आणि बसल्या हो काकू! वर दोनदा भात घेतला.

हसताय? हसा. पण तुम्ही इथे टाळ्या वाजवताय, आणि तुम्ही येईपर्यंत जेवायचं नाही म्हणून घरी कुणी ताटकळत बसलंय का? बसलं असेल तर उठा. आरतीला थांबू नका. देव कुठे जात नाही, मी आहे त्याच्याजवळ.