फोटोतली पोरगी

बुवांचं कीर्तन ऐकायला मौद्याच्या बसमध्ये बसलो होतो. मागच्या बाकावर मधुकरराव, त्यांची बायको पंचफुला आणि लेक कामिनी. मधुकररावांच्या हातात नवा फोन.

“सस्ता अन् मस्त! कोणत्याबी कंपनीचं सिम चालते, चार्जिंग दोन दिवस पुरते.”

“अन् कॅमेरा? माह्या सावळ्या पोरीले पांढरीफटक करून टाकलं त्यानं! तोच फोटो पोराकडच्याइले काहून पाठवला तुम्ही?”

“मले वाटलं, पोरगी खुलून दिसून राहिली.”

“मोठे पारखी! रविवारी पाहुणे येतीन अन् इचारतीन, फोटोतली पोरगी कुठं हाय?”

“आई, थांब वं. बाबा, तुमचा फोन द्या इकडं, मी त्या पोरालेच लावते. हॅलो, मी कामिनी. फोटोत फोननं गोरी केली मले, मी सावळी हाय. चालत असन तं या रविवारी.”

“आवाज कसा साफ जाऊन राहिला, पाहा!”

“तुम्ही चूप बसा जी! काय म्हणते वं तो?”

“येतो म्हणते. पण त्याच्या फोटोत हायेत तेवढे केस डोक्यावर नाहीत म्हणते.”

“घ्या! त्याच्या बापानंबी सस्ताच घेतला वाटते फोन!”