आमचं नेट वरून जातं

...आणि वर मलाच विचारतात, एवढं चिडायला झालं काय! तुम्हाला सांगतो, परक्याने फसवलं तर माणूस चारचौघांत ओरडू तरी शकतो, पण माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर... कुणाला सांगणार?

मी घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावतो. परवा एका डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक छापखान्याला धाडायचं, छपाईवाला फोनवर फोन करतोय, आणि ऐन वेळी नेट बंद! कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी इतकी गोड बोलते, की भांडायची सोयच नाही. म्हणाली, काका, आमची लाइन तर व्यवस्थित दिसतेय, तुमचा कॉम्प्युटर बाहेर कुठल्या वाटेने जातोय ते बघू या. मग तिने एक काळी खिडकी उघडायला लावली, दोन शब्द टाइप करायला लावले, आणि पडद्यावर आकडेच आकडे... मला वाटलं, बिघडवलंच मी!

ती म्हणाली, घाबरू नका, हा वाटांचा तक्ता आहे. ज्या ओळीच्या सुरुवातीला नुसती शून्यं आहेत ना, ती ओळ म्हणजे बाकी सगळ्या जगाकडे जायची वाट. त्याच ओळीत गेटवेखाली, म्हणजे बाहेर पडायच्या दाराखाली, काय आहे?

वाचलं. दहा, शून्य, शून्य, एक.

ती हळूच म्हणाली, "काका, आमच्या वायफायच्या डब्याचा पत्ता एकशे ब्याण्णवने सुरू होतो. हा गेटवे आमचा नाही. वायफायचं नाव काय दिसतंय?"

आता नाव कोण वाचतो हो? चष्मा लावून वाचलं, तर... 'जिन्यातला दिवा बंद करा'.

धाकटा! वरच्या मजल्यावरचा माझा सख्खा धाकटा भाऊ! जिन्यातल्या दिव्यावरून आमचं वाजलं, त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून अबोला. त्याच्या घरचं काही खाली येता कामा नये, असं मी बजावलेलं, आलेली वाटीसुद्धा मी भरलेलीच परत पाठवली! आणि इथे माझं अख्खं काम, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावरून, त्याच्या दारातून जगात जातंय!

बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर नाही केली. म्हणाली, आपलं नेट रडतखडत चालायचं, तुम्ही दिवसभर त्या डब्यावर खेकसायचा, म्हणून वरच्या धाकट्या जावेकडून पासवर्ड घेतला. कधी? झालं की वर्ष! मुलीला माहीत, आईला माहीत... आईला, जिला मोबाइल सरळ धरता येत नाही! म्हणजे अख्खं घर एकीकडे आणि मी मूर्ख एकीकडे. आणि हे यंत्र... एवढं जपलं मी त्याला, पुसलं, झाकलं, तेही फितूर!

आपल्या डब्याला जोडून पानं पाठवता आली असती, कबूल. पण डोकं फिरलेलं. तरातरा जिना चढलो, मनातल्या मनात वाक्यं जुळवली, एकेक अशी धारदार, की काय सांगू! दार उघडंच. धाकटा गुडघ्यांवर बसलेला, कपाटामागे हात घालून वायरी चाचपतोय, कानाला खांद्याने फोन दाबलेला. मला बघून दचकला नाही, काही नाही. दोन वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने?

"दादा, तुझं काम अडलं ना? कधीचा कंपनीच्या मागे लागलोय. वहिनी म्हणाल्या तुझी पानं जड असतात, म्हणून तर मोठा प्लॅन घेतला होता."

आता तुम्हीच सांगा. एवढी जुळवलेली वाक्यं घेऊन मी उंबऱ्यात उभा, आणि धाकटी विचारतेय, भावजी, चहा टाकू?

म्हटलं, टाक.

दोन वर्षं मेहनत घेतली होती हो मी त्या भांडणावर... अर्ध्या कपात गेली.