दोघांना झेपेल ती पट्टी

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी प्रमिलाबाई बसल्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून गुणवंतराव बाहेर आले. दोघंही जुने लोकगायक.

“डॉक्टर काय म्हणाले?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“गा म्हणाले. पण वरचे सूर खलास.”

“मग आपला अल्बम खालच्या पट्टीत करू.”

“तिथे तुमचा आवाज दबतो, प्रमिलाबाई.”

“तीस वर्षं तुमच्या पट्टीत घसा ताणला, तेव्हा विचारलं नाहीत.”

“चुकलंच माझं.”

“शनिवारी रेकॉर्डिंग आहे. दोघांना झेपेल ती पट्टी आत्ताच शोधू. लावा सूर.”

“इथे? लोक बसलेत.”

“आजवर कोणासमोर गात होतो आपण?”

गुणवंतरावांनी हलकेच सा लावला. प्रमिलाबाईंनी तो उचलला. काउंटरवरची मुलगी पुढचं नाव पुकारायचं थांबली.