रविवारची हजेरी

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५. सकाळी कपडे धुतले, स्टुलावर चढून वरच्या दोरीवर टाकले. नऊच्या एसटीने मोताळ्याहून मलकापूरला गेले. तिथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे टाइमकीपर माणिकराव तायडे यांचा निरोप समारंभ होता. तो जिनिंगने ठेवला नव्हता, कबड्डीच्या जुन्या संघाने ठेवला होता. मलाही बोलायला लावलं. बोलले ते असं:

सन्माननीय अध्यक्ष अर्जुनराव खर्चे, व्यासपीठावरचे आपल्या संघाचे कप्तान वहाबभाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती माणिकभाऊ, त्यांच्या पत्नी भिमाबाई, आणि समोर बसलेले सगळे खेळाडू, बंधू-भगिनींनो. सर्वांना जयभीम, सलाम, नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. अंगणवाडीत मुलांसमोर बोलते, तेवढंच. पण आज माझे पती धम्मदीप असते, तर या जागी ते उभे राहिले असते. त्यांचं राहिलेलं बोलणं घेऊन मी आले आहे.

धम्मदीप यांना जिनिंगने कबड्डीसाठीच घेतलं होतं, हे इथे कोणाला सांगायला हवं? कागदावर चौकीदार. पण गेटवर ते उभे राहिले किती दिवस? सकाळी सराव, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. आणि सामना कुठेही असो, माणिकभाऊ थैलीत हजेरीचं मस्टर घेऊन हजर. लग्नानंतर मी पहिल्यांदा सामना बघायला गेले, तेव्हा खेळ संपून सगळे मातीत आडवे पडले होते आणि माणिकभाऊ त्यांच्यामध्ये उभे. "आधी सही, मंग पाणी!" वहाबभाई ओरडले, "अबे, इथं जीव जाऊन राह्यला अन् याईले सही पायजे!" भाऊ म्हणाले, "जीव गेला तं गैरहजेरी लागते. कर सही."

आत्ता तुम्ही हसलात ना, तसंच तेव्हा सगळं मैदान हसलं होतं. ते दिवस फार चांगले होते.

मग तो चिखलीचा सामना. चढाईत धम्मदीप यांचा गुडघा फिरला. दोन ऑपरेशनं झाली, तरी पाय नीट वाकला नाही. जिनिंगचं म्हणणं, चौकीदाराची ड्युटी गेटवर. रविवारी तो आपल्या हौसेने खेळायला गेला, त्याची भरपाई कशाची? मी म्हटलं, कामगार न्यायालयात अर्ज करू. तर हे माझ्यावरच रागावले. "माहा बाप मजूर होता. मी खेळाडू हाये. कोर्टात मले मजूर म्हणू नको." आता अर्ज कामगाराचाच असतो, दुसरा मी कुठून आणू? सही त्यांनी केली, पण माझ्याकडे न बघता.

कोर्टात त्यांना विचारलं, खेळ हे तुमचं काम होतं की आवड? मान ताठ करून म्हणाले, "आवड." आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या तारखेला कोर्टाने मस्टर मागवलं. ते घेऊन माणिकभाऊ आले. न्यायाधीश साहेबांनी पान उलटलं तर टेबलावर माती सांडली. रविवारच्या सह्या होत्या, मैदानावरच्या. कंपनीचे वकील म्हणाले, खेळाडू स्वतःच सांगतो की आवड होती. भाऊंनी चष्मा काढला. "आवड तं मलेबी होती साहेब, या मस्टरची. म्हणून काय मी नोकरीवर नव्हतो?"

त्या बोलण्याने आमचा निकाल लागला. त्याच बोलण्याने भाऊंची खुर्ची गेली. चार वर्षं त्यांनी गेटवर उभं राहून कापसाच्या गाड्या मोजल्या. आज भिमाबाईंनी सांगितलं, घरी पाय शेकताना विचारलं तर म्हणायचे, "गेटवर हवा चांगली लागते." आम्हाला तर त्यांनी कळूसुद्धा दिलं नाही.

निकाल मी घरी वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, रविवारी मैदानावर हजेरी घेतली जात होती, अर्थात खेळणे हेच अर्जदाराचे काम होते.  धम्मदीप म्हणाले, "पुन्हा वाच." मी तीनदा वाचलं. "खेळणं हेच, असं लिवलं?" म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून हसले.

तेव्हापासून म्हणायचे, माणिकभाऊले भेटून येतो. मी म्हणायची, चला मग, काठी घ्या. "मलकापुरात लोकाईनं मले चढाई करताना पाह्यलं. काठी घेऊन नाही जात. पाय सुधरू दे." पाय सुधारला नाही. मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि ते गेले. भेट राहिली.

भाऊ, ती भेट आज झाली असं समजा. उशीर आमच्याकडून झाला.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, संघाने आमची आठवण ठेवली, सर्वांची आभारी आहे. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर घरचीच बाई समजून पोटात घाला. जयभीम.

पाचच्या एसटीने परत आले. कपडे वाळले होते. वरच्या दोरीला माझा हात पुरत नाही. आज स्टूल घेतलं नाही. दारामागची धम्मदीप यांची काठी घेतली आणि एकेक कपडा खाली काढला.