नऊ दिवसांचं पाणी

(दुपारचे सव्वाचार. न्हाणीघराला लागून असलेली गॅलरी. आडव्या गजाला तीन घटपर्णी टांगलेल्या. आई बसमध्ये तिकिटं तपासून निवृत्त झालेली. मुलगी डायलिसिस विभागात टेक्निशियन.)

आई: विसरले म्हणे! एक दिवस विसरतं माणूस, दोन दिवस विसरतं. नऊ दिवस झाडांच्या पाण्याचा कॅन रिकामाच घरी येतोय.

मुलगी: गडबड असते गं. उद्या आणते.

आई: उद्याचं काय, उद्या रोजच असतं. इकडे ये. ही मोठी बघ. पानांच्या कडा कशा करपल्यात. आणि पानाच्या टोकाची ही सुरई परवा बोटभर होती, तोंड उघडायच्या आधीच काळी पडली.

मुलगी: सुरया वाळतातच. कापून टाकायच्या.

आई: जुन्या वाळतात, ते मला नको शिकवूस. ही नवी आहे म्हणतेय मी! तीन वर्षं सांभाळतेय. खताचा कण दाखवला नाही, कुंडी इंचभर फिरवली नाही, ऊनसुद्धा पडद्याआडून. सकाळ-संध्याकाळ फवारा. वरची बाई स्वतःच्या सासऱ्याला एवढं जपत नाही.

मुलगी: होईल बरी.

आई: आणि तू बस की एका जागी! मघापासून पायाला भिंगरी लागल्यासारखी आत-बाहेर चाललीय. रस्त्यावर काय बघतेस?

मुलगी: काही नाही.

आई: एकतीस वर्षं तिकिटं तपासली मी. ज्याच्याकडे तिकीट नसतं ना, तो खिडकीबाहेर बघतो.

मुलगी: पाणी कुठलं घातलंस?

आई: कधी?

मुलगी: या नऊ दिवसांत. मी आणलं नाही, तर कुठलं घातलंस?

आई: एसीचं. शेजारच्या एसीच्या नळीखाली बादली लावली होती.

मुलगी: मीटर दे तो. खिडकीवर आहे, पेनासारखा.

आई: आता त्याची काय गरज?

मुलगी: दे तर. ताटलीतलं पाणी बघते... दोनशे दहा.

आई: म्हणजे?

मुलगी: म्हणजे पाण्यात क्षार आहेत. एसीचं पाणी विसाच्या वर जात नाही. आमचं डायलिसिसचं तर पाचाच्या आत असतं. हे एसीचं नाही, आई.

आई: मग तुझा मीटर बिघडला असेल.

मुलगी: काय म्हणालीस?

आई: बिघडला असेल म्हटलं. यंत्रच ते, त्याचा काय भरवसा?

मुलगी: यंत्राला काही बोलू नकोस.

आई: अगं, एवढी का पांढरी पडलीस?

मुलगी: यंत्र बरोबर आहे. तू खोटं बोलतेयस. सरळ सांग ना!

आई: ओरडू नकोस... बाटलीतलं घातलं. दुकानातलं. वर डोंगर काढलाय, मिनरल लिहिलंय. म्हटलं नळाचं तिला चालत नाही, तर चांगलंचुंगलं पाजू. अंगी लागेल.

मुलगी: आई, मिनरल म्हणजेच क्षार. तेच नको असतात तिला. सत्त्व नसलेल्या दलदलीत वाढणारं झाड आहे ते, म्हणून तर माशा खातं. मुळांतून सत्त्व दिलंस की मुळं जळतात.

आई: आता हे मला नऊ दिवसांनी सांगतेस? मरतील का गं?

मुलगी: नाही मरणार. कुंडीतल्या शेवाळातून शुद्ध पाणी सोडायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं. चार-पाच वेळा. मीटर पन्नासाच्या खाली येईपर्यंत. ताटलीत साचू द्यायचं नाही. नव्या सुरया यायला दोन महिने लागतील. सगळं नीट मोजून करावं लागेल.

आई: मग आण ना पाणी. दवाखान्यात टाकी धुताना सोडूनच देता म्हणतेस. आज संध्याकाळच्या पाळीला जा आणि दोन कॅन आण.

मुलगी: मी जात नाहीये.

आई: आज सुट्टी?

मुलगी: नऊ दिवस झाले. डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसते.

आई: वाटलंच मला! डबासुद्धा अर्धा परत येतोय. काढलं का तुला?

मुलगी: नाही. मीच रजा टाकलीय.

आई: कुणी काही बोललं? काही केलं?

मुलगी: मी केलं. पाच नंबरच्या खाटेवर ते मास्तर असतात ना, पेटीवाले. त्यांचं मशीन दर वेळी दहादा वाजतं, कारण ते हात हलवतात. त्या दिवशी वाजलं, मी आवाज बंद केला. परत वाजलं, परत बंद केला. बघितलंच नाही. मी शेजारच्या बाईंची सुई काढत होते. वळून पाहिलं तर मास्तरांची मान पडलेली. बीपी खाली गेलेलं.

आई: अरे देवा. गेले?

मुलगी: नाही, वाचले. तीन दिवस अतिदक्षता विभागात होते. आता घरी आहेत.

आई: मग झालं तर! माणसाच्या हातून चूक होते. वाचले ना ते?

मुलगी: इन्चार्ज मॅडमनी विचारलं, अलार्म वाजला नाही का? मी म्हणाले, नाही.

आई: आणि पटलं त्यांना?

मुलगी: जुनं मशीन आहे. त्यात नोंद राहत नाही. सगळ्यांनी लगेच मानलं. मशीन बाजूला ठेवलं, आणि ज्यानं ते आदल्या आठवड्यात तपासून सही केली होती, त्या दुरुस्तीवाल्याला घरी बसवलं. आज पाच वाजता त्याला काढायचं पक्कं होणार. त्याआधी माझं लेखी हवंय त्यांना. अलार्म वाजला नाही, एवढंच. खाली सही.

आई: दिलंस?

मुलगी: सकाळपासून खिशात आहे. सही नाही केलेली.

आई: हे बघ. घाई करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तो कारागीर माणूस आहे, दुसरीकडे मिळेल त्याला काम.

मुलगी: पेशंट मारणारं मशीन पास केलं, असा शिक्का घेऊन?

आई: आणि तुझ्यावर शिक्का बसला की? कोण उभं करेल तुला कुठल्या खाटेपाशी? एवढी शिकलीस, रात्ररात्र जागून पास झालीस, आणि आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेणार? मला भीती वाटते गं. मी तिकिटं तपासून तुला वाढवलं.

मुलगी: मलाही वाटते. रोज त्या दारापर्यंत जाते आणि वळते. त्यानं काल फोन केला होता.

आई: दुरुस्तीवाल्यानं? तुला?

मुलगी: हं. भांडायला नाही. म्हणाला, ताई, तुम्ही रोज वापरता ते मशीन. आवाज आधी कधी दबका वाटला होता का? आठवून सांगा. माझंच काही राहिलं असेल, मला कळत नाहीये. रात्रभर वायरिंगचा कागद घेऊन बसलो होतो म्हणाला. स्वतःची चूक शोधतोय तो, आई. जी झालीच नाही.

आई: तू काय म्हणालीस?

मुलगी: आठवत नाही म्हणाले.

आई: ...किती वाजले?

मुलगी: साडेचार.

आई: एकदा एका बाईला पकडलं होतं मी. तिकीट होतं तिच्याकडे, पण गर्दीत पडलं. मी तिचं ऐकलं नाही, उतरवलं. पुढच्या थांब्यावर सीटखाली सापडलं मला. मी ते कुणाला दाखवलं नाही. बावीस वर्षं झाली. पाऊणशे माणसांच्या बसमधला तिचा एकटीचा चेहरा आठवतो मला.

मुलगी: मला हे कधी सांगितलं नाहीस.

आई: सांगण्यासारखं आहे का ते? ...नोकरी जाईल का?

मुलगी: जाऊ शकते.

आई: मास्तर काय म्हणतील?

मुलगी: माहीत नाही. त्यांच्या घरी मला जावंच लागेल.

आई: मी येईन बरोबर. बाहेर उभी राहीन हवं तर.

मुलगी: आई, पाणी दे. मॅडमना फोन लावते.

आई: घे, दोन घोट पी. आणि हा स्टूल घे, उभ्याउभ्या नको बोलूस. मी हलत नाही इथून.

मुलगी: तिकडे फोन वाजतोय.

आई: वाजू दे.

मुलगी: हॅलो... हो मॅडम, मीच. नाही, लेखी पाठवलं नाही अजून... नाही, दुसरंच लिहायचंय मला. मशीन चांगलं होतं, मॅडम. अलार्म वाजला होता.