मतदारसंघाच्या नावाची हरकत

आज हसून राह्यले तुमी, पण त्या दिवशी मले काई हसू येत नोतं. महाराष्ट्र नवा नवा झालता. मतदारसंघाची हद्द बदलून सरकारवाले आमचा बंजाऱ्यांचा तांडा दुसऱ्या मतदारसंघात टाकून राह्यलते, अन् मतदारसंघाचं नावबी बदलून राह्यलते. मंग रस्ता, विहीर मागाले कोनाच्या दारात जावं? हरकत सांगाले मी आमच्या धनसिंग नायकासंग यवतमाळले गेलतो. तांड्याच्या वतीनं नायकच बोलते, म्हणून मी गुमान मागं उभा.

कचेरीतल्या साहेबानं नकाशावर बोट फिरवलं. "धनसिंग नायक तांडा? इथं तर हरजी नायक तांडा आहे. तुमचा तांडाच नाही, मग हरकत कसली?"

मी नायकाकडं पाह्यलं.

नायक म्हणाला, "तोच आमचा तांडा, साहेब. हरजी नायक माझा बाप. तो वारला, मी नायक झालो, म्हणून तांडा माझ्या नावाचा झाला."

"म्हणजे तुम्ही तांड्याचं नाव बदलता, आणि आम्ही मतदारसंघाचं बदललं की हरकत घेता?"

सारी कचेरी हसली. मले वाटलं, गेला आपला तांडा.

नायकानं पागोटं सारखं केलं. "साहेब, आमच्यात नाव बदलाले आधी मानूस मरा लागते. इथं कोन मेलं?"